पेशंटच्या बायकोला पाहून लिनन रूममध्ये लपले

नाईटवाली

सरकारी दवाखान्यात 16 वर्षं स्टाफ नर्स आहे. एकही मरण पाहिलं नाही असा महिना जात नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक चेहरे आठवतही नाहीत. एकच माणूस सुटत नाही.

2017 चा पावसाळा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली, ते तुम्ही वाचलं असेल. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याला लागेल एवढी वाढली होती, फवारा उलटून तोंडावरच यायचा. आमच्याकडेही असे पेशंट येत होते. हा त्यातलाच, रोजाने पंप पाठीवर घेणारा.

आला तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस. कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅट्रोपिनमुळे भ्रमात होता आणि हवेत बोटं चालवत होता. चिमटीत काहीतरी धरायचं, ओढायचं, कमरेशी टाकायचं. पुन्हा तेच. वॉर्डातले मामा म्हणाले, "सिस्टर, कापूस वेचून रायला थो."

तिसऱ्या रात्री ड्यूटीवर आले तर गडी उठून बसलेला, बशीत चहा ओतून पीत होता. बायकोने विचारलं, "बाई, यायले कवा सोडसान?" मी सलाईन बदलता बदलता म्हटलं, "परवा. आता धोका टळला."

दीडच्या सुमारास ती सांगत आली, मान टाकतात. मी म्हटलं, झोपले असतील. दोन वॉर्डांना मी एकटी होते, पण ते जाऊ दे. अडीचला गेले तर श्वास अगदी वरवरचा, ओठ निळे. डॉक्टरांनी नळी घातली. व्हेंटिलेटर एकही रिकामा नव्हता. पहाटे साडेपाचपर्यंत मी आणि त्याचा मेहुणा आळीपाळीने अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत होतो. अंगठ्याच्या मुळाशी जी कळ यायची ती अजून कधीकधी येते, काही कारण नसताना. मग मशीन मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मी घरी झोपले होते.

पुढच्या वर्षी ती बाई कुणाच्या तरी बाळंतपणाला आली होती. तिने मला पाहिलं असावं. मी लिनन रूममध्ये शिरले आणि चादरींच्या थप्पीमागे पंधरा मिनिटं उभी राहिले.

तुमचं असं कुणी आहे का? काय करता त्याचं?

स्पष्टवक्ता

नोकरी म्हटली की हे आलंच. एवढं मनाला लावून घेतलं तर काम कसं होणार? प्राणायाम करून बघा.

मेडिसिनवाला

सिस्टर, याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये त्याचं वर्णन केलं. विष उतरलं असं वाटतं, आणि साधारण 24 ते 96 तासांत आधी मान, खांदे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तिथे अ‍ॅट्रोपिन चालत नाही, मशीनवर श्वास सुरू ठेवायचा आणि वाट बघायची. मी रेसिडेंट असताना अशाच एका पेशंटच्या केसपेपरवर 'उद्या जनरल वॉर्डात हलवा' लिहून झोपायला गेलो होतो. तुम्ही नुसतं बोललात. माझं तर अक्षर आहे तिथे.

नाईटवाली

सर, तेव्हा हे माहीत नव्हतं हो. नंतर वाचलं. आता फवारणीचा पेशंट असला की दर चार तासांनी उशीवरून मान उचलायला लावते. नवीन मुली हसतात, सिस्टर कवायत घेतात म्हणून. दोनदा उपयोग झालाय. पण त्याच्या बायकोनेच सांगितलं होतं ना मानेचं. तिला कळलं होतं.

ब्रदर

एप्रिल 2021, कोविड वॉर्ड, एका रात्रीत पाच बॉडी पॅक केल्या. चष्म्यावर वाफ, दोन हातमोजे, मार्करने नावं लिहायची. सकाळी एक मुलगा म्हणाला, वडिलांचं आडनाव चुकलंय. एक काना जास्त पडला होता. ओळख पटवायला चेन उघडावी लागली. मुलगा ओरडला नाही. फक्त म्हणाला, "नीट लिहा ना."

तेव्हापासून किराण्याची यादीसुद्धा कोरून लिहितो, बायको वैतागते. पुढे टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, 14416, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत. पहिल्या फोनला मी नुसता ड्यूटी लिस्टबद्दल कुरकुरत बसलो. काना तिसऱ्या फोनला निघाला. झोप लागते आता, बऱ्यापैकी.

जुनी सिस्टर

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात 33 वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्या इन्चार्ज बाई कडक होत्या, टोपीची पिन तिरकी दिसली तरी बोलायच्या. पण पेशंट गेला की त्याच्या खाटेची चादर त्याच्या सिस्टरला बदलू द्यायच्या नाहीत. "तू चहा घे, ती करेल." कारण कधी सांगितलं नाही. मी इन्चार्ज झाल्यावर तेच केलं. हल्ली खाट वीस मिनिटांत भरते, चहा कुठला.

स्पष्टवक्ते, आपण कुठल्या वॉर्डात होतात?

आणि नाईटवाली, लपलीस त्याचं राहू दे, मीही एकदा जिन्याखाली उभी राहिलेय. पण ती तुला जाब विचारायलाच येत होती हे तू ठरवलंस. तीन तास तू बॅग दाबलीस तेव्हा ती कुठे होती?

नाईटवाली

खाटेच्या पायथ्याशी. त्याचे तळवे चोळत होती. मधेच उठून तिने माझ्या कपाळाचा घाम पदराने पुसला होता, हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलंच नाही.

गावाचं नाव केसपेपरवर होतं, लक्षात आहे. आमच्या स्टँडवरून दिवसाला दोन एसट्या जातात.