१/१२ मापाच्या मॉडेलमधलं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन: वायरिंग कसं करू?

प्रश्न: लोटस ४९ या फॉर्म्युला वन गाडीचं मॉडेल किट घेतलंय, बॉडी राहू दे बाजूला, मला आधी इंजिनच मनासारखं करायचंय. प्लगच्या वायरी किती जाडीच्या घेऊ आणि नेमक्या कुठं जातात?

उत्तर: खरी वायर साधारण ७ मिमी धर, भागिले १२ म्हणजे ०.६ मिमीच्या आसपास. १ मिमीची अजिबात लावू नकोस, दोरखंड दिसतात. प्लग प्रत्येक सिलिंडर हेडवर दोन कॅमशाफ्टच्या मधोमध आहेत, तिथं आधी बारीक ड्रिलनं भोकं पाड, रंग नंतर.

उत्तर: आणि एक्झॉस्ट नीट बघून घे हां. फ्लॅट प्लेन क्रँक (क्रँकशाफ्टची सगळी वळणं एकाच प्रतलात) असल्यानं प्रत्येक बाजूचे चार पाईप त्याच बाजूला एकत्र येतात, पलीकडे जात नाहीत. मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवरच लटकलेलं असतं, चेसिस इंजिनपाशीच संपते, म्हणून जोडाचे बोल्ट दाखवच, या इंजिनाचा जीवच तिथं आहे! १९६७ ला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला या इंजिनाच्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क जिंकला तो याच्यावर.

प्रश्नकर्ता: भारी, धन्यवाद दोघांना. ब्लॉकला नुसता चकचकीत सिल्व्हर चालेल का?

उत्तर: नको रे, ओतीव अ‍ॅल्युमिनियम मंद दिसतं, मॅट मार आणि खाचांत काळा वॉश (पातळ केलेला रंग) सोड.