बॅडमिंटन हॉलच्या छतात दुधी पत्रे घालावेत का?

उजेडवाला:
सामुदायिक क्रीडागृह म्हटलं की चर्चा सोलर पॅनेलपासून सुरू होते. भर दुपारी बाहेर लख्ख ऊन आणि आत सगळे दिवे चालू, हे कुणाला खटकत नाही. वीज तयार करण्याआधी ती लागणारच नाही असं बघा की! छताच्या साधारण 5 टक्के भागात दुधी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या प्लास्टिकचे पत्रे घाला, दुपार निभून जाते.

नेटकॉर्ड:
नकाशात छान दिसतं. हाय क्लिअर, म्हणजे उंच आणि मागपर्यंत जाणारा फटका मारायला मान वर केली की पांढरं शटल पांढऱ्या उजेडात गडप! आणि पर्यावरणपूरक म्हणून खिडक्या उघड्या ठेवाल, तर जेमतेम 5 ग्रॅमचं शटल वाऱ्यावर भरकटणार.

उजेडवाला:
कोर्टाच्या डोक्यावर घाला असं म्हटलंच नाही. दोन कोर्टांमधल्या मोकळ्या पट्टीवर, कोर्टाच्या लांबीला समांतर घाला. त्याहून उत्तम म्हणजे छतात उभी काच. उत्तर गोलार्धात तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन जवळजवळ थेट येतच नाही. वाऱ्याचं मान्य. हवा जमिनीलगतच्या जाळ्यांतून हळू आत आणि छताच्या कण्यावरून, म्हणजे सर्वात उंच रेषेवरून बाहेर.

पन्हळी:
पाण्याचं कुणीच बोलत नाहीये. तापमानात 40 अंशांचा फरक पडला की 6 मीटरचा पॉलिकार्बोनेट पत्रा सुमारे 16 मिमी वाढतो, शेजारचा लोखंडी फक्त 3. फिटर दोघांना सारखीच भोकं पाडून स्क्रू करकचून आवळतो. मग भोकाशी तडा, वायसर निसटतो आणि पाणी थेट लाकडी कोर्टवर. फळ्यांच्या कडा उचलल्या की तेवढा भाग उखडायचाच. पत्रा मधोमध पक्का करा, टोकांकडे लांबट भोकं ठेवा, स्क्रू वायसर जेमतेम दबेल इतकाच.

नेटकॉर्ड:
म्हणजे एवढा व्याप दिव्यांसाठी! एका कोर्टला 200 वॅटचे 4 एलईडी धरले तर तासाला 0.8 युनिट. कोर्टागणिक वेगळा स्विच द्या, बुकिंग असेल तेव्हाच लावा. तोच पैसा छताखालच्या इन्सुलेशनला घाला, उकाडाही कमी होईल.

उजेडवाला:
इन्सुलेशन हवंच. पण दिवसभर बुकिंग असलेल्या कोर्टवर तुमचा स्विच काय वाचवणार? तिथे उजेड पाहून दिवे मंद करणारा सेन्सर लागतो, नाहीतर दुधी पत्रे असूनही दिवे जळतच राहतात.

पन्हळी:
सेन्सर पत्र्याच्या बरोबर खाली लावू नका. तिथलाच उजेड मोजून तो कोपऱ्यातले दिवेही मंद करतो.