गावात पक्षाघाताबद्दल सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

माणदेशी_वहिनी:
नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भाऊजींच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी धार काढून आले, चहा घेताना हातातली बशी निसटली, तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं कळेना. घरी जमलेल्यांनी पहिला सल्ला दिला तो कबुतराच्या रक्ताचा. मग तेल चोळणं झालं. दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार उलटली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आज भाऊजी काठीवर चालतात, उजवा हात मात्र वर जात नाही. शर्टाची बटणं जाऊबाई लावून देतात. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये म्हणून गावात बोलायचं मनात आहे. मी बारावी शिकलेली, बचत गटाची सचिव. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो, तेव्हा सुरू करू का? आणि नेमकं काय सांगू?

आशाताई_सांगोला:
त्या दिवसाची वाट बघू नका, गटाच्या पुढच्या बैठकीतच बोला. भाषण नको, करून दाखवा. एकीला म्हणा हस, दोन्ही हात वर धर, एक वाक्य बोल. तोंड वाकडं, हात खाली येतोय, जीभ अडखळतेय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ लावायचा. बायका हसतात, पण घरी जाऊन सासूबाईंना करून दाखवतात. कबुतराच्या रक्तावरून भांडू नका, माणसं दुखावतात. "आधी गाडी, बाकीचं नंतर" एवढंच म्हणायचं. आणि उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांचा बीपी मोफत तपासतात, तिथं बायकांना हाताला धरून न्या. "मला काही त्रास नाही" म्हणून गोळी बंद करणारे आमच्याकडे घरोघरी आहेत. तंबाखू-मिश्रीवरही बोला.

निवृत्त_सिस्टर:
वहिनी, माझं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणून कळकळीने सांगते. रुग्णाला पाणी, चहा, गोळी तोंडाने काहीच द्यायचं नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिनही घरी नको. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" साडेचार तास तिथून मोजतात. झोपेतून उठताना लक्षण दिसलं तर झोपण्याची वेळ सांगायची. मात्र उशीर झाला म्हणून घरी थांबू नका. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर काही निवडक रुग्णांची गुठळी नळीवाटे २४ तासांपर्यंत काढता येते.

जीपवाला_आटपाडी:
ताई, माझी वडाप जीप आहे. रात्री-अपरात्री लोक मलाच उठवतात. जवळचा दवाखाना गाठतो, तिथं स्कॅन नसतो, मग पुढं पाठवतात. त्यातच दोन तास जातात. रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालू आणि इंजेक्शन मिळतं असं ठिकाण कुठलं, हे आधी फोन करून विचारून ठेवा आणि गावातल्या सगळ्या गाडीवाल्यांना सांगा. मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माणदेशी_वहिनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. जीपवाले दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच फोन करायला बसते. दवाखान्याचं नाव, नंबर आणि १०८ असं ठळक लिहून गिरणीत, दूध डेअरीत आणि स्टँडवर चिकटवते. भाऊजी म्हणाले, "बैठकीला मी पण येतो, माझा हात बघू दे त्यांना." सिस्टर, त्यांना चारचौघांत बोलताना शब्द सापडत नाहीत, मग चिडतात. त्यांना बोलतं कसं करू?

निवृत्त_सिस्टर:
जरूर आणा. प्रश्न "हो-नाही"चे विचारा आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा.