जुनी एएमटी गाडी: पेट्रोल भरणे, फेरीबोटीवर उभी करणे आणि पावसात काच धुरकट होणे

तिसवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. मी चोडणला राहते आणि कामासाठी रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला जाते. आजवर दुचाकीवर भागत होते. आता मामांनी त्यांची २०१९ सालची पेट्रोलवरची एएमटी (क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी मला दिली आहे. गाडी उत्तम स्थितीत आहे, परंतु तिची माहितीपुस्तिका सापडत नाही आणि मी गाडी चालवायला शिकले ती क्लच असलेल्या गाडीवर, त्यामुळे काही गोष्टी जाणकारांना विचारून मगच अंगवळणी पाडाव्यात असे वाटते.

पहिला प्रश्न पेट्रोल भरण्याविषयी आहे. ‘टाकी फुल्ल करा’ असे सांगितल्यावर नळी आपोआप बंद होते, तरीही पंपावरचा मुलगा रक्कम पूर्णांकात यावी म्हणून आणखी थोडे थोडे पेट्रोल घालत राहतो. हे योग्य आहे का? शिवाय सध्या मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०१९ च्या गाडीला चालते का? दुसरा प्रश्न असा, की या गाडीला ‘पी’ (पार्किंग) हा गिअरच नाही. मग धक्क्याच्या उतारावर रांगेत थांबताना आणि फेरीबोटीवर इंजिन बंद केल्यावर गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवावी? तिसरी अडचण पावसातली आहे: समोरची काच अचानक पांढरी होते आणि रस्ता दिसेनासा होतो. एसी वाढवून पाहिला, तर काही वेळा काच आणखीच धुरकटली.

अंत्रुजवासी

ताई, फोंड्याला एका पेट्रोल पंपावर मी बरीच वर्षे देखरेखीचे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकीतले पेट्रोल वर चढून छिद्र बुडाले की हवा बंद होते, नळीतल्या पडद्यावरचा दाब बदलतो आणि खटका सुटतो. त्या खटक्याचा अर्थ टाकी भरली एवढाच आहे. कधी कधी पेट्रोल जोरात सोडल्यामुळे फेस येऊन खटका लवकर सुटतो. काट्यावरून टाकी बरीच रिकामी आहे हे ठाऊक असेल, तर नळी किंचित मागे घेऊन सावकाश पुन्हा भरण्यास हरकत नाही. मात्र टाकी खरोखर भरल्यावर पूर्णांकासाठी थेंब थेंब घालणे गाडीसाठी निश्चित हानिकारक आहे.

याचे कारण असे, की टाकीचा वरचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. पेट्रोलचे तापमान दहा अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान साधारण एक टक्क्याने वाढते. जमिनीखालच्या टाकीतून आलेले थंड पेट्रोल काठोकाठ भरून गाडी भर उन्हात उभी केली, तर पस्तीस लिटरच्या टाकीत सुमारे एक तृतीयांश लिटरला जागा लागते. दुसरे असे, की टाकीतली वाफ एका नळीवाटे कोळशाच्या डब्याकडे जाते. तिथला कोळसा ती वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती जाळण्यासाठी सोडतो. हा डबा वाफेसाठी आहे, द्रवासाठी नाही. त्यात पेट्रोल शिरले तर गाडीभोवती पेट्रोलचा वास येत राहतो, पेट्रोल भरल्यानंतर गाडी चालू व्हायला त्रास देते आणि शेवटी डबाच बदलावा लागतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगावे, ‘पहिल्या कटला (पहिला खटका सुटताच) थांबवा.’ रक्कम पूर्णांकात येण्याची गरज राहिलेली नाही, कारण मोबाईलवरून पैशापर्यंतची रक्कम देता येते.

पंपावर शिरण्यापूर्वी पेट्रोलच्या काट्याशेजारी पाहा. पंपाच्या चित्राजवळ छोटा त्रिकोणी बाण असेल, तर तो ज्या बाजूला वळलेला असेल त्या बाजूला टाकीचे तोंड असते. झाकणाचा खटका बहुतेक छोट्या गाड्यांत चालकाच्या आसनाजवळ खाली असतो. इंजिन बंद करा, कोणते इंधन हवे ते तोंडाने सांगा आणि यंत्रावर शून्य दिसल्याशिवाय भरू देऊ नका. डिझेलची नळी सहसा जाड असल्याने पेट्रोल गाडीच्या तोंडात नीट बसत नाही, पण केवळ त्या भरवशावर राहू नये. चुकीचे इंधन गेल्याचे लक्षात आले, तर किल्ली अजिबात फिरवू नका. नुसती चावी पहिल्या टप्प्यावर नेली तरी अनेक गाड्यांत टाकीतला पंप चालू होऊन ते इंधन पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलत बाजूला घ्यावी आणि टाकी उपसून घ्यावी.

मापाविषयी शंका आली तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, त्यात भरून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागावा. शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. पहाटे भरले की पेट्रोल जास्त मिळते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. टाकी जमिनीखाली असल्याने दिवसभरात तिच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

बार्देशकर

म्हापशाला माझे गॅरेज आहे. इथेनॉल आणि गिअर या दोन गोष्टींबद्दल लिहितो.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांची रबराची आणि प्लास्टिकची सामग्री वीस टक्के इथेनॉलला अनुकूल आहे. तुमची गाडी त्याआधीची आहे. तेवढ्यावरून ती लगेच बंद पडेल असे मुळीच नाही, परंतु दर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या रबरी नळ्या, वॉशर आणि इंधनाचा फिल्टर मुद्दाम पाहायला सांगा. नळी फुगलेली, चिकट झालेली किंवा तडकलेली दिसली तर ती तेव्हाच बदलावी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडे उतरणारच. तो गाडीतला दोष नव्हे.

आपल्याकडे याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. मर्यादेपलीकडे पाणी मिसळले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि टाकीतला पंप नेमका तिथूनच इंधन ओढतो. जून ते सप्टेंबर या काळात टाकीचे झाकण ‘टक टक’ आवाज येईपर्यंत फिरवावे, झाकणाचे रबर तपासावे आणि पाऊस धो धो कोसळत असेल तर छप्पर असलेल्या पंपावरच पेट्रोल भरावे. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत अगदी तळाशी उरलेले पेट्रोल ठेवून ती सोडू नये. रोज गाडी काढणाऱ्याने मात्र पावसाळ्यात सतत टाकी फुल्ल ठेवावी असा आग्रह काही जण धरतात, तो मला पटत नाही. अर्ध्याच्या वर असली तरी पुरे. लाल दिवा लागेपर्यंत थांबणे तेवढे टाळावे, कारण टाकीतला पंप पेट्रोलात बुडून राहिल्यानेच थंड राहतो. चोर्ला घाटाने जायचे असेल, तर साखळीलाच भरून घ्यावे. टाकीत पेट्रोल कमी असले की तीव्र चढावर ते एका बाजूला जाते आणि इंजिन आचके देऊ लागते.

आता फेरीबोटीचे. एएमटी म्हणजे आतला क्लच आणि गिअर नेहमीचेच असतात, ते फक्त यंत्रणा हलवते. तुम्हाला दिसत नसला तरी क्लच घासतो, हे लक्षात ठेवले की पुढचे आपोआप समजते. धक्क्याच्या चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून हलका अॅक्सिलरेटर दाबून ती तोलत उभी राहणे, हा या गाड्यांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. क्लचप्लेट तापते, जळका वास येतो आणि प्लेट लवकर संपते. थांबायचे असेल तेव्हा पाय ब्रेकवर असावा. रांग लांब असेल तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल करावे. चढावर निघताना ‘डी’ (पुढे जाण्याचा गिअर) घालून हँडब्रेक धरून ठेवावा, अॅक्सिलरेटर हळू दाबावा आणि गाडी पुढे ओढ घेऊ लागली की मग हँडब्रेक सोडावा.

फेरीबोटीत गाडी जागेवर लागली, की ब्रेक दाबलेलाच ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर ‘डी’ किंवा ‘आर’ (रिव्हर्स) मध्ये घाला आणि त्यानंतर इंजिन बंद करा. इंजिन बंद झाल्यावर गिअर अडकून राहतो आणि चाके इंजिनला बांधली जातात. ‘पी’ चे काम तेच करते. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर ‘डी’, उताराकडे असेल तर ‘आर’. न्यूट्रलमध्ये किल्ली काढली, तर गाडीला केवळ हँडब्रेकचा आधार उरतो. गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर काही गाड्या बीप वाजवतात. तो आवाज दुर्लक्षित करू नये. पुन्हा चालू करताना ब्रेक दाबून गिअर ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये आणावा लागतो. त्याशिवाय इंजिन चालू होत नाही, आणि यातच नवीन चालक गाडी बिघडली असे समजून घाबरतात. स्टिअरिंग अडकल्यामुळे किल्ली फिरत नसेल, तर जोर न लावता स्टिअरिंग डावीउजवीकडे किंचित हलवत किल्ली फिरवावी.

माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, ती उतरवून घ्या. टायरमधील हवा किती असावी याचा तक्ता बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा टायर थंड असताना तपासावी. पंपावर ही सोय मोफत असते.

तिसवाडीकर

दोघांचेही मनापासून आभार. न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, ही गोष्ट खरोखरच मला कळत नव्हती. काचेविषयी थोडे अधिक सांगते. वायपर चालवला की कधी काच लगेच स्वच्छ होते आणि मिनिटाभरात पुन्हा पांढरी पडते. कधी मात्र वायपरचा काहीच उपयोग होत नाही, हाताने पुसावी लागते.

सत्तरीची वाचक

ताई, तुमच्या या निरीक्षणातच उत्तर आहे. मी वाळपईहून पणजीला रोज गाडी चालवते आणि पावसाळ्यात हा प्रश्न जवळजवळ नित्याचा असतो. वायपरने जात नाही ते धुके आतल्या बाजूचे आणि वायपरने जाते ते बाहेरच्या बाजूचे. दोहोंचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एसी वाढवून कधी फायदा झाला आणि कधी नुकसान.

आतले धुके आपल्या श्वासातून, ओल्या छत्रीतून आणि भिजलेल्या पायपुसण्यांतून येते. फेरीबोटीवर इंजिन बंद करून काचा मिटून बसले की ते झपाट्याने साठते. त्यासाठी एसी चालू करावा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो, आणि हवा समोरच्या काचेकडे सोडावी. बटणावर पंख्याच्या आकाराच्या काचेवर तीन वळणदार बाण असतात, ते हेच. याच वेळी आतली हवा फिरवत ठेवण्याचे बटण, म्हणजे गाडीच्या आत वळणारा बाण असलेले, बंद करून बाहेरची हवा घ्यावी. अनेक जण ते बटण कायम चालू ठेवतात आणि मग तीच ओली हवा गाडीत फिरत राहते. तापमानाचा काटा अगदी निळ्या टोकाला नेऊ नये, मध्यावर किंवा किंचित लालकडे ठेवावा.

बाहेरचे धुके वेगळ्या कारणाने येते. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवा उबदार आणि ओलाव्याने भरलेली असते. एसीच्या झोताने काच गार पडली, की बाहेरचा ओलावा तिच्यावर जमतो. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच. तेव्हा वायपर फिरवावा, एसीची थंडाई कमी करावी आणि झोत काचेवरून काढून अंगाकडे किंवा पायांकडे वळवावा.

काच आतून तेलकट किंवा धुळकट असेल तर धुके लवकर धरते. दर आठवड्याला ती स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसावी. मागच्या काचेवर बारीक तपकिरी रेघा असतील तर त्या तापणाऱ्या तारा आहेत. चौकोनावर वळणदार बाण असलेल्या बटणाने त्या चालू होतात. पुसताना त्या रेघांच्या दिशेनेच पुसावे आणि त्यांवर स्टिकर चिकटवू नये, कारण तो ओढून काढताना तार तुटते.

बार्देशकर

एक राहिले. काच धुरकटली किंवा पाऊस फार वाढला तर खालचा हेडलाइट लावून वेग कमी करावा, पण गाडी चालत असताना चारही इंडिकेटर लावू नयेत. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत लावले, तर तुम्ही कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला कळत नाही. फारच दिसेनासे झाले, तर रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घेऊन थांबा आणि मग ते लावा.