1991 ची टॅलन टर्बो: आयडलिंग झुलतंय, टायमिंग 5 अंशांवर आणू का?

जुनाटर्बो:
गाडी ईगल टॅलन टीएसआय, 4जी63 टर्बो (मित्सुबिशीचं इंजिन), मॅन्युअल गिअरबॉक्स. राहायला शिकागोजवळ. इंजिन गरम झालं की आयडलिंग 1000 ते 1600 आरपीएममध्ये झुलतं आणि सिग्नलला क्लच दाबून थांबताना गाडी कधीकधी बंद पडते. थ्रॉटल बॉडीवरचा बिस स्क्रू (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आत घातला तरी 1000 च्या खाली येत नाही. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बघायला टायमिंग लाइट लावला तर क्रँकपुलीवरची खूण 8 ते 12 अंशांत नाचते. सगळीकडे 5 अंश लिहिलंय. सीएएस (क्रँकचा कोन सांगणारा सेन्सर) सैल करून 5 वर आणू का? आधीच्या मालकाने ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय, थ्रॉटल बंद झाला की टर्बोची दाबलेली हवा बाहेर सोडणारा.

पाना_बारा:
सीएएसला अजिबात हात लावू नका. तुम्हाला दिसतंय ते ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरने, चालवलेलं टायमिंग. आयडलला ते साधारण 8 च्या आसपास असतं आणि आरपीएम सावरायला ईसीयू ते सतत पुढेमागे करतो. 5 अंश हे बेस टायमिंग, म्हणजे ईसीयूचा हात नसतानाचं. ते बघायचं तर फायरवॉलवरच्या तपकिरी वॉटरप्रूफ कनेक्टरला वायरने अर्थ द्यावा लागतो. अर्थ न देता 5 वर आणलंत तर खरं बेस 2 अंशांवर जाईल. गाडी मठ्ठ होईल, एक्झॉस्ट तापेल.

पद्धत अशी. कूलंट 80 ते 95 अंश सेल्सिअस, एसी-दिवे बंद, स्टिअरिंग सरळ, रेडिएटरचा पंखा थांबलेला. डॅशखाली फ्यूजबॉक्सजवळ 12 पिनांचा डायग्नोस्टिक कनेक्टर आहे, त्यातली 10 नंबरची पिन अर्थ करा म्हणजे आयएससी मोटर (ईसीयूच्या सांगण्यावरून आयडलची हवा सांभाळणारी) एका जागी थांबते. मग तपकिरी कनेक्टर अर्थ करा. आता बिसने 750 आरपीएम, 50 इकडेतिकडे चालेल. लाइटचा क्लॅम्प 1 नंबरच्या, म्हणजे टायमिंग बेल्टकडच्या, प्लगवायरवर. खूण 5 वर नसेल तरच सीएएसचा 12 चा नट सैल करून तो केसभर फिरवा. टायमिंग हललं की आरपीएमही हलतं, म्हणून बिस परत बघा, टायमिंग परत बघा.

डायल असलेला लाइट असेल तर डायल शून्यावर ठेवा. या इंजिनात 1 आणि 4 चे प्लग एकदमच उडतात, त्यामुळे काही डायलवाले लाइट दुप्पट आकडा दाखवतात.

बेल्टवाला:
यात एक भर. आधी पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवता येतो का ते बघा. क्रँकपुलीचं रबर जुनं झालं की बाहेरची रिंग सरकते आणि खूण खोटी पडते. 1 चा प्लग काढा, पिस्टन अगदी वर आणा, खूण T (शून्य अंश) समोर येते का तपासा. सीएएस खाचेच्या टोकाला नेऊनही 5 येत नसेल तर बेल्ट दात चुकलाय असं समजा आणि गाडी चालवू नका. बेल्ट सुटला की या इंजिनात व्हॉल्व्ह वाकतात.

पण तुमचा आजार टायमिंगचा वाटत नाही. बिस पूर्ण बंद आणि तरी 1000, याचा अर्थ हवा दुसऱ्या वाटेने आत येतेय. झुलण्याचं कारणही तेच. थ्रॉटल बंद आहे हे आयडल स्विच सांगतो, आरपीएम मात्र मर्यादेच्या वर. ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडलं की परत देतो. असं चालूच राहतं.

वाटा तीन: बिसची कडक झालेली ओ-रिंग, थ्रॉटल शाफ्टचे सील आणि एफआयएव्ही (थंड इंजिनाला जादा हवा देणारा व्हॉल्व्ह). एफआयएव्हीतलं मेण थंडीत हवेची वाट उघडी ठेवतं आणि कूलंट तापलं की बंद करतं. जुन्या गाड्यांत ते अर्धवट उघडंच अडकतं. बरेच जण ती वाट बंद करायला तिथे पत्र्याची प्लेट मारतात.

पाना_बारा:
प्लेट शिकागोत मारू नका. जानेवारीत सकाळी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवूनच इंजिन गरम करावं लागेल. कॅलिफोर्नियात ठीक.

हवाबंद:
ब्लो-ऑफकडे कुणीच बघितलं नाही! या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरला चिकटून आहे. मोजलेली हवा बाहेर सोडली की ईसीयू मात्र तिच्या हिशोबाचं पेट्रोल देतोच. गिअर बदलताना, थांबताना मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, आणि गाडी बंद पडते. उलट आयडलला व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ असेल तर तो थोडा उघडा राहून न मोजलेली हवा खेचतो. मूळचा व्हॉल्व्ह बसवा, त्याचा होज टर्बोच्या आधीच्या पाइपला परत जोडा.

मग लीक टेस्ट. टर्बोच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावा आणि 15 पीएसआय हवा भरा, 20 च्या वर नको. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. इंटरकूलरचे होज, थ्रॉटल शाफ्ट, इंजेक्टरच्या खालच्या सीलभोवती बुडबुडे हमखास दिसतात. हे झाल्याशिवाय बिस फिरवणं व्यर्थ. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आधीच्या मालकाने फिरवला असेल तर: नट सैल करून तो मागे घ्या, लिव्हरला टेकेपर्यंत आत आणा, तिथून सव्वा फेरा. केबलला मिलीमीटर-दोन ढिलाई हवी. नंतर टीपीएस (थ्रॉटल किती उघडाय ते सांगणारा सेन्सर), थ्रॉटल बंद असताना 0.48 ते 0.52 व्होल्ट.

जुनाटर्बो:
लीक टेस्ट केली. थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना बुडबुडे, बिसची ओ-रिंग तुटलेली. आयएससी मोटरच्या पिनांच्या चार जोड्यांचा रेझिस्टन्स मोजला: तीन 30-31 ओहम, चौथी ओपन (तुटलेली).

बेल्टवाला:
20 अंश सेल्सिअसला 28 ते 33 ओहम हवं, म्हणजे एक कॉइल गेली. सहा पिनांत मधली आणि तिच्या दोन बाजूच्या, असंच मोजलंय ना? मग मोटर बदला. पण नवी जोडायच्या आधी ईसीयू उघडा, सेंटर कन्सोलमागे आहे. या वयाच्या ईसीयूत तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात: 47 मायक्रोफॅरड 50 व्होल्ट, 22 मायक्रोफॅरड 50 व्होल्ट, 100 मायक्रोफॅरड 10 व्होल्ट. झाकण काढताच सुक्या बोंबलासारखा वास आला तर आतले ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) खाल्ले गेलेत. 105 अंश रेटिंगचे नवे लावा आणि आयएससीचे ट्रेस मल्टिमीटरने तपासा, नाहीतर नवी मोटरही तशीच पडून राहील. सगळं परत बसवल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह काही मिनिटं काढून ठेवा, मग 10 नंबरची पिन अर्थ करून बिस.