दोघंही तोफच चालवणार, मग आर्टिलरी आणि एअर डिफेन्स वेगळे का?

खानापूर_भरती:
आमच्याकडच्या दोन पोरांची आर्मीत निवड झाली. एकाला नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, दुसऱ्याला ओडिशातलं गोपाळपूर, एअर डिफेन्स. तोफ ती तोफच की! वेगळं खातं कशाला? बेळगावात विचारावं तर जो तो मराठा लाइट इन्फंट्रीचा, म्हणजे पायदळाचा.

गोलंदाज_निपाणी:
10 जानेवारी 1994 ला एअर डिफेन्स, म्हणजे विमानं पाडणारं खातं, तोफखान्यातून (आर्टिलरीतून) बाहेर पडलं, तोवर एकच घर होतं. फरक नळीत नाही, हिशेबात आहे.

मैदानी तोफेवरच्या माणसाला लक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. पुढे बसलेला निरीक्षक गोळा कुठं पडला ते बघतो. अलीकडे पडला तर "400 वाढवा". पलीकडे गेला तर "200 कमी". मग 100, मग 50, आणि नेम बसला की सगळ्या तोफा एकदम. कोन 1 मिल (कोन मोजायचं बारीक माप) चुकला तर 10 किमीवर गोळा साधारण 10 मीटर बाजूला जातो. वारा, हवेचं आणि दारूचं तापमान, नळीची झीज हे सगळं धरावं लागतं. सकाळचे हवामानाचे आकडे दुपारी वापरले की गोळे भलतीकडे, आणि दोष मात्र तोफेला!

विमानापुढे ही पद्धत चालत नाही. सेकंदाला 250 मीटर जाणारं विमान आणि गोळ्याला पोचायला 4 सेकंद, म्हणजे नेम 1 किमी पुढे धरायचा. दुरुस्ती सांगेपर्यंत विमान गेलेलं असतं. म्हणून रडार आणि गणकयंत्र. शिवाय विमान आपलं की परकं, यासाठी हवाई दलाशी सतत संपर्क ठेवावा लागतो. खरं तर वेगळं होण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं: प्रशिक्षण वेगळं, हुकूम येण्याची वाटही वेगळी.

तटबंदी_बेळगाव:
हे फुटणं जुनंच आहे. 1818 मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी मनरोने आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, ते काम वेढ्याच्या जड तोफांचं. तटाला खिंडार पाडणारी तोफ घोडदळाबरोबर पळू शकत नाही. त्यासाठी ब्रिटिशांनी 1793 मध्येच घोडतोफखाना काढला होता, त्यात प्रत्येक गोलंदाज स्वार.

डोंगरी तोफखाना तिसराच. 2.5 इंची तोफेच्या नळीचे दोन तुकडे असत, प्रत्येकी साधारण 200 पौंडांचा, खेचराच्या पाठीवर. जागेवर पोचल्यावर पेचाने जोडायचे. पुढची 3.7 इंची हॉवित्झर (गोळा उंच फेकणारी तोफ) आठ खेचरांवर जायची. इथं गोलंदाजाला खेचर सांभाळता आलंच पाहिजे.

आणि वाट एकाच दिशेची नाही बरं का. ब्रिटिशांनी 1899 मध्ये किनाऱ्यावरच्या, वेढ्याच्या आणि डोंगरी तोफा एका गटात टाकल्या, घोड्यांच्या आणि मैदानी दुसऱ्या गटात. 1924 मध्ये पुन्हा सगळं एक. किनारा आणि डोंगर एकत्र कसे, हे कोडंच!

खानापूर_भरती:
मग बोफोर्स कुणाची?

गोलंदाज_निपाणी:
दोघांचीही, पण त्या दोन वेगळ्या तोफा. कारगिलमध्ये गाजली ती 155 मिमी, आर्टिलरीची. एअर डिफेन्सकडची 40 मिमी, एल-70, विमानं पाडायची. नाव एकाच कंपनीचं, म्हणून गोंधळ. आणि तोफखान्यातूनच निघालेलं आणखी एक खातं आहे: निरीक्षणाची विमानं उडवणारी शाखा 1986 मध्ये आर्मी एव्हिएशन झाली.