चढावर टाचेला, उतारावर अंगठ्याला फोड: काय करावं?

वाटसरू:
बूट मापाचे आहेत, तरी लांबच्या चालीत चढावर टाचेमागे आणि उतारावर अंगठ्याच्या कडेला फोड येतात. सुती मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालूनही फरक नाही. निघण्यापूर्वी काय करावं? आणि फोड आलाच तर पाणी काढावं का?

पायवाट:
फोड नुसत्या घासण्याने येत नाही. वरची कातडी घामट मोज्याला धरून बसते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकतं. मधले थर ताणले जाऊन सुटतात, त्या पोकळीत पाणी भरतं. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून दोन घातले तरी उपयोग नाही. आत पातळ सिंथेटिक आणि वर लोकरीचा मोजा घाला, म्हणजे सरकणं मोज्या-मोज्यात होतं. मात्र बुटात तेवढी जागा हवी. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा हेच मोजे घालून माप बघा.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा नाडीत आहे. टाच बुटात मागे टेकवा, घोट्याच्या वळणाशी नाडीला दोनदा पीळ देऊन घट्ट ओढा, मग वरच्या हुकांत घ्या. टाच उचलली जात नाही आणि उतारावर पाय पुढेही घसरत नाही. पंज्यावर नाडी सैलच ठेवा.

नेहमीच्या जागी निघण्यापूर्वीच कागदी सर्जिकल टेप लावा. पाय कोरडा हवा, तेल-क्रीम नको. टेपचे कोपरे गोल कापा, नाहीतर मोज्यात अडकून सुटतात. सुरकुती राहिली तर फोड तिथेच येतो.

रानवारा:
जागा हुळहुळायला लागली की लगेच थांबा, पुढच्या मुक्कामाची वाट बघू नका. बूट काढा, खडा-माती झटका, पाय वाळवा, टेप लावा.

लहान, न दुखणारा फोड फोडू नका. जाड पॅडला मधोमध फोडापेक्षा मोठं भोक पाडून भोवती चिकटवा, दाब कडेला जातो. मोठा, ठणकणारा असेल तर हात आणि ती जागा साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या खालच्या कडेला दोन-तीन छिद्रं पाडून पाणी हलकेच दाबून काढा. वरची कातडी अजिबात काढू नका, तीच उत्तम पट्टी आहे. वर व्हॅसलिन, न चिकटणारं ड्रेसिंग आणि टेप. पट्टी रोज बदला.

पायवाट:
एक भर: खूप चिकट टेप थेट फोडावर नको, काढताना कातडीही येते. मधुमेह असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर फोड घरी फोडूच नये. पू, पसरणारी लाली, वर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर चाल थांबवून डॉक्टरांकडे जा.

वाटसरू:
टेपऐवजी निघतानाच व्हॅसलिन चोळलं तर?

रानवारा:
सुरुवातीला घर्षण कमी होतं, पण काही वेळाने ते मोज्यात शोषलं जातं. दर थांब्याला पुन्हा लावणार असाल तरच. आणि त्यावर टेप चिकटणार नाही, तेव्हा दोन्हींपैकी एकच निवडा.